कुपीतली हवा

"एक श्वास तुझा, एक श्वास माझा, तिसरा आला तर लावा दरवाजा." फ्रिजच्या रिकाम्या खोक्यातून दादाचा आवाज यायचा, पुठ्ठ्याने अर्धा गिळलेला. तो आठ वर्षांचा, मी पाच. खोकं म्हणजे यान, आणि बाहेर बसून त्याचे श्वास मोजणं माझं काम.

पुढे दादा मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात लागला, मी लिफ्टच्या दुरुस्तीत. पण खेळ काही सुटला नाही. तो सुट्टीवर असला की दर रविवारी दुपारी तीन वाजता त्याच्या जेवणाच्या टेबलाशी आम्ही चौघं जमायचो: दादा, वहिनी, मी आणि शाळेत गणित शिकवणारे मास्तर. एक लाल फासा, एक पांढरा, चौकटीच्या कागदावर काढलेलं 'पाकोळी' नावाचं चिमुकलं यान आणि आमच्याच हातची नियमांची वही. यान फुटलं तर जीव कसा वाचवायचा, ते प्रकरण माझं. लिफ्ट अडकली की आत किती जण, हवा कुठून येते, घाबरलेला माणूस मिनिटाला किती श्वास घेतो, हे मला पोटापाण्यासाठीच ठाऊक असतं. मास्तर मला 'हवाखातं' म्हणत.

पाकोळीतून सुटायला साधन एकच, कुपी. एका माणसापुरती, गुडघे पोटाशी घेऊन बसायची. कुपीतल्या माणसासाठी दर रविवारी दोन फासे टाकायचे. बेरीज पाच किंवा कमी आली की हवा संपली, माणूस गेला. जगला तर फासे पुन्हा टाकायचे आणि मी लिहिलेल्या छत्तीस निरोपांच्या तक्त्यातून त्याचा निरोप वाचायचा. खेळणारा हजर नसला तरी फासे टाकायचेच, ही अट दादाची. "मी जहाजावर असलो म्हणून मला हवा लागत नाही की काय?"

त्या सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी पाकोळी फुटली, दादाचा गडी कुपीत बसून निघाला, आणि सोमवारी दादा जहाजावर गेला. एकोणीस दिवसांनी जहाज बुडालं. बाकीचे सगळे सापडले. एक बचावनौका आणि दादा तेवढे सापडले नाहीत.

मधल्या रविवारी आम्ही जमलोच नव्हतो; शोध थांबल्यानंतरच्या रविवारी मी आणि मास्तर नुसते भेटायला गेलो होतो. वहिनींनी वही काढली. नियम म्हणजे नियम, म्हणाल्या, आणि दादाचे फासे टाकले. आठ. जगला.

मग दर रविवारी तेच. नऊ, सात, दहा, सहा. आम्हाला बरं वाटायचं. दुःखाला बसायला पाट हवा असतो. आम्ही त्याला टेबलाशी खुर्ची दिली होती.

साठाव्या रविवारी मास्तरांनी वहीच्या कडेला गणित मांडलं. इतके वेळा लागोपाठ वाचणं तीस कोटींत एकदा. "होतं कधीकधी," ते म्हणाले, पण पेन्सिल खाली ठेवायला विसरले.

मी फासे घरी नेले. हजार वेळा टाकून नोंदी केल्या. पापभीरू माणसासारखे सरळ वागले. मास्तरांनी नवे फासे आणले. दादासाठी टाकले की तेही सहाच्या खाली उतरेनात. वहिनींऐवजी मी टाकले, मास्तरांनी टाकले. तेच.

आणि निरोप. आधी ते कसेही यायचे: 'थंडी आहे', 'प्रकाश दिसतो', 'दिशा कळवा'. चाळिसाव्या रविवारनंतर एकच यायला लागला. लाल तीन, पांढरा एक: 'हवा संपली.'

जगलाय, आणि हवा संपलीय. माझ्याच दोन नियमांचा मेळ बसेना. भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मला कुतूहल होतं. बंद पडलेली लिफ्ट मधल्याच मजल्यावर स्वतःहून दार उघडते तेव्हा वाटतं, तसलं.

वहिनींना मात्र वेळ नव्हता. त्या चष्म्याच्या भिंगांना आकार देण्याचं काम करतात. बहिणीच्या गावातल्या दुकानाने त्यांना बोलावलं होतं, बहिणीने खोली रिकामी करून ठेवली होती, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. दादाला मृत मानण्याचा जहाज कंपनीचा कागदही सहीवाचून पडला होता. मी विचारलं की त्या एकच सांगत, कुपी जिवंत आहे तोवर मी कुठे जाऊ?

म्हणून त्या रविवारी मी नियम बदलला. कुपीतली ऊब संपली, असं वहीत लिहिलं. आता बाराच आले तर जगेल, छत्तिसांत एकदा. मला दादाला मारायचं नव्हतं. मला वहिनींना मोकळं करायचं होतं.

वहिनींनी वाचलं. फासे टाकले.

सहा आणि सहा.

बाहेर ऊन रणरणत होतं. फाशांखालच्या लाकडावर दवाचं वर्तुळ उमटलं.

मोटर तापली का ते बघायचं यंत्र माझ्या पिशवीत असतं. ते काढलं. टेबल, एकतीस अंश. चहाची बशी, तेहेतीस. फासे, चार.

मास्तरांनी खुर्ची मागे सरकवली.

"निरोप," वहिनी म्हणाल्या.

मीच टाकले. बोटं बधिर झाली. लाल पाच, पांढरा दोन. तक्त्यावरून बोट फिरवत गेलो. ओढून नेणाऱ्या यानासाठी लिहिलेली ओळ होती ती.

'दोर सोडा.'

पुन्हा टाकले. पाच, दोन.

पुन्हा.

पाच, दोन.

वहिनींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि फासे काढून घेतले. मुठीत धरून बसल्या, पाखराचं पिल्लू धरावं तसे.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "पहिल्या रविवारी आठ नव्हते पडले. तीन पडले होते. मास्तर चहा ओतत होते, तुम्ही पेन शोधत होतात. मी बोटाने एकाचा सहा केला. तेव्हापासून मी त्याला मरू दिलेलं नाही. दोर माझ्याच हातात आहे."