बाकी पाच

डायलिसिसच्या वॉर्डाबाहेरचा बाक ही काही प्रेमात पडायची जागा नव्हे. पण गुंजन पडली.

त्या सोमवारी बाबांचं, हिरालालचं, मेडिकल बुक तिच्या मांडीवरून घसरलं. शेजारच्या मुलानं ते उचललं, पण लगेच काही दिलं नाही. वरचा बाबांचा स्टील प्लांटमधला नोकरीचा नंबर वाचत बसला... २०४६९७.

"प्राइम वाटते," तो म्हणाला.

तो विक्की. सुपेला वस्तीत ट्यूशनमध्ये गणित शिकवायचा. त्याची आई भागीरथाबाई आत, बाबांच्या शेजारच्याच मशीनवर होती. एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंच भाग जात नाही ती प्राइम, एवढं गुंजनला शाळेतलं आठवत होतं. खात्री करायची तर साडेचारशेपर्यंतच्या सगळ्या प्राइमनी भागून पाहायचं, सत्त्याऐंशी भागाकार, असं त्यानं सांगितलं.

"मोबाइलवर पाहा न."

"त्याच्यात काय मजा? डायलिसिसच्या दिवशी एक करू. दोननं जात नाही... आजचं झालं."

मग सोमवार, बुधवार, शुक्रवार. तो पेपरच्या कडेवर भागायचा, ती त्याच्या कपातला अर्धा चहा प्यायची. त्या दिवशी ती आवर्जून केस धुवायची, आणि तिला स्वतःची लाज वाटायची. आत बाबांचं रक्त नळीतून फिरतंय आणि आपण इथं... बाबांना किडनी मिळाली तर हा बाक सुटेल, असंही एकदा मनात आलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

सतरानं भागायच्या दिवशी त्यानं कागद जरा घाईनं दुमडला. "बाकी पाच," म्हणाला.

एकशे त्र्याहत्तर हा चाळिसावा भागाकार झाला, आणि दुसऱ्याच दिवशी बाबा गेले.

तेरवीनंतरच्या शुक्रवारी ती सेक्टर दहामधल्या घरून दवाखान्यात जायला निघाली. आईनं विचारलं, आता तिथं कोण आहे आपलं? गुंजननं चपला घातल्या. बाबांच्या मशीनवर दुसरंच कुणी होतं. बाकावर विक्की एकटाच होता. तिला पाहून उठला आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाला, "एकशे एकोणऐंशी राहिला."

"सतरानं जाते," ती म्हणाली. "बाकी पाच नाही, शून्य."

तो परत बाकावर बसला. "कधीपासून माहीत हाये?"

"त्याच दिवसापासून. घरी भात शिजून राहिला होता, तवा भागाकार करून पाहिला."

"मंग बोलली कावून नाही?"

"तू कावून खोटं बोलला?"

"हिशेब संपला असता... तू बोलली नसती मंग माझ्याशी." तो म्हणाला. "मले तू पाहिजे होती, गुंजन."

"मले बी तूच." आणि बाबा गेल्यापासून दाबून धरलेलं रडू तिला तिथंच फुटलं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि त्याच्या हातातलं भागीरथाबाईचं बुक घेतलं. त्या हल्ली उशीवरून मानही उचलत नव्हत्या. सत्त्याऐंशी दिवस मिळणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिनं त्या बुकवरचा नंबर पेपरच्या कडेवर उतरवला.

"दोननं जात नाही," ती म्हणाली. "आजचं झालं. सोमवारी तीन."