सावरघळची शांतता

पुण्याच्या ध्वनिसंशोधन संस्थेतल्या तळघरात डॉ. वसुधा टिळेकर यांनी टेबलावरचा मिक्सर सुरू केला. पातं गरगर फिरत होतं, भांड्यातल्या शेंगदाण्यांचं कूट होत होतं, पण आवाज मात्र कणभरही नव्हता. समोर बसलेल्या जयवंत हुपरीकरने कानात बोट घालून पाहिलं. आपलेच कान गेले की काय, अशी त्याला शंका आली होती.

जयवंत वसुधाचा जुना सहकारी. संशोधन सोडून तो एका बड्या बांधकाम कंपनीत गेला होता आणि त्या कंपनीसाठी विकत घेण्याजोगं काही मिळतं का, ते बघायला आला होता.

"आवाज म्हणजे हवेतली लहर," वसुधा म्हणाली. "त्याच क्षणी तिच्या बरोबर उलटी लहर सोडली की दोन्ही एकमेकींना मारतात. मी तिला प्रतिलहर म्हणते. हा कोपऱ्यातला श्रुतिखांब आवाज ऐकतो, त्याचा ठसा घेतो आणि प्रतिलहर सोडतो. असे खांब गल्लोगल्ली बसवले, तर एकदा ठसा घेतलेला आवाज गावात कुठंही उमटला तरी जागीच पुसला जाईल."

"कुठलाही?"

"हवेतला कुठलाही. हात ठेव इथं."

जयवंतने टेबलावर हात ठेवला. मिक्सरमुळे टेबल थरथरत होतं.

"जमिनीतून, लाकडातून, हाडांतून जाणारी थरथर खांबाला कळत नाही," वसुधा म्हणाली. "हे बंद होत नाही."

"याची तक्रार कोण करतंय!" जयवंत हसला. "आणि कुठला आवाज पुसायचा ते लोक ठरवतील. प्रत्येकाच्या मनगटपट्टीवर एक कळ देऊ, 'नको'ची. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी दाबली, की आवाज गेला. शुद्ध लोकशाही."

हे ऐकून तिथल्या तिथे वसुधाचं डोकं भडकायला हवं होतं. तसं झालं नाही. शहाणी माणसं लोकशाही म्हटलं की मान डोलावतात, तशी तिनेही डोलावली.

आवाज पुसायची तिला घाई होती, त्याला कारण होतं. तिचा नवरा श्रीरंग भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. काचबिंदूने त्याची दृष्टी गेली, तेव्हापासून त्याचं सगळं जग कानांत आलं होतं. काठी आपटली की परत येणाऱ्या आवाजावरून त्याला भिंत कळे, दार उघडं आहे की बंद ते कळे. पण पुण्यात काठीचा आवाज परत यायला जागाच नव्हती. हॉर्न, खोदकाम, लाऊडस्पीकर यांच्या गदारोळात तो दुसऱ्यांदा आंधळा झाला होता. चार वर्षं तो एकटा घराबाहेर पडला नव्हता.

म्हणून दोघांनी गाव शोधायला घेतलं. वसुधा नकाशे आणि आकडे बघायची, श्रीरंग प्रत्यक्ष जाऊन ऐकायचा. एका गावात साखर कारखान्याचा भोंगा होता. दुसरं गाव इतकं मुकं होतं, की श्रीरंग तिथल्या चौकात उभा राहून म्हणाला, "वसू, इथं माणसं आहेत की नुसती कुलपं?" मग सह्याद्रीच्या पायथ्याचं सावरघळ आलं. एसटी निघून गेली, धुरळा बसला आणि श्रीरंगने काठी आपटली. त्याचा चेहरा उजळला.

"डावीकडं दगडी भिंत. पुढं पिठाची गिरणी. तिच्या मागं कुणीतरी तांबं ठोकतंय. आणि हातपंपावर कुणाची तरी कळशी भरत आलीय." तो लहान मुलासारखा हसला. "हेच गाव. इथं ऐकू येतं."

सावरघळची एक रीत होती. कुणाच्या ओट्यावरून जायचं तर जाणाऱ्याने "चाललो बरं का" म्हणायचं आणि ओट्यावरच्याने त्याला ओ द्यायची. श्रीरंगला ही रीत फारच सोयीची पडली. शेजारच्या सुमनबाई कासार ओट्यावरून त्याच्या नावानिशी हाका मारायच्या. "श्रीरंगभाऊ, उजवीकडनं या, म्हैस बसलीय!" त्यांचा आवाज पार गिरणीपर्यंत जायचा. महिन्याभरात श्रीरंग एकटा बाजारात जाऊ लागला. येताना भाजीवालीशी घासाघीस करून जास्तीची कोथिंबीर आणायचा आणि बायकोपुढे मिरवायचा.

शांत गावाची बातमी मात्र लपत नाही. दोन वर्षांत सावरघळला शहरातून आलेल्या लोकांची रीघ लागली. त्यांच्यासाठी जयवंतच्या कंपनीने टेकडीवर बंगले बांधले आणि गावभर श्रुतिखांब उभे केले. नगरपंचायतीने तज्ज्ञ म्हणून वसुधालाच विचारलं. "लग्नातला डीजे आणि ट्रकचे हॉर्न जातील, आणखी काय!" असं तिने सांगितलं. ते खरंही ठरलं. पहिल्या महिन्यात डीजे गेला आणि जुने-नवे सगळेच खूश झाले.

मग नवे लोक जुन्यांहून जास्त झाले. गिरणीचा आवाज गेला. तांबट आळी मुकी झाली, कोंबडे मुके झाले. या लोकांना गाव हवं होतं ते खिडकीतून बघायला. गाव जगतं, दळतं, ठोकतं, भांडतं, हे त्यांच्या माहितीपत्रकात नव्हतं. एका सकाळी सुमनबाईंनी कुणाला तरी हाक मारली आणि तोंड उघडं राहिलं, हाक आलीच नाही. साधं बोलणं ऐकू येई, आवाज चढला की पुसला जाई. चढलेल्या आवाजाचाच ठसा घेतला होता त्यांच्या. बाई खुळ्यासारख्या आपला गळा चाचपत बसल्या. वसुधाने जयवंतला फोन केला. "मतदान झालंय," तो म्हणाला. "मी काय करू?"

त्याच्या पुढच्या आठवड्यात श्रीरंग दारातून बाहेर पडला आणि काठी आपटली. आवाज आला नाही. त्याने पुन्हा आपटली, दगडावर आपटली.

एका आंधळ्या माणसाच्या काठीची टकटक. त्यावरही लोकांनी 'नको' दाबलं होतं. चहा पिता पिता, बोटाच्या एका टोकाने.

श्रीरंगला वाटलं, आता कानही चालले. पण तो हट्टी माणूस. पाठ असलेल्या रस्त्याने तो निघाला. गिरणीच्या कोपऱ्यावर कंपनीने नव्या खांबासाठी चर खणून ठेवला होता. वसुधा खिडकीत होती. तिने पाहिलं, सुमनबाई ओट्यावरून उठून दोन्ही हात पसरून ओरडताहेत. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. आवाज नव्हता. बाई धावल्या, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. श्रीरंग चरात पडला आणि त्याचा खुबा मोडला.

तो वाचला. पण इस्पितळातून आल्यावर खुर्चीतून हलेना. भिंतीकडे तोंड करून बसायचा. "मला पुण्याला ने," एकदा म्हणाला. "तिथं निदान गोंगाटाचा तरी दोष होता. इथं माणसांनी ठरवून मला पुसलंय." वसुधा स्वयंपाकघरात गेली आणि तिने हातातली ताटली भिंतीवर फेकली. ताटली फुटल्याचा आवाज झाला. तेवढा एक ठसा अजून घेतला गेला नव्हता.

तिने सभा मागितली. काठीचा, हाकेचा आणि गिरणीचा ठसा काढून टाका, एवढीच मागणी. श्रीरंगला पुन्हा रस्त्यावर चालता यायला हवं होतं, तिला दुसरं काही नको होतं. सभा वाचनालयाच्या माडीवर भरली, सागवानी फळ्यांच्या जुन्या दालनात. पुढच्या खुर्च्यांवर बंगल्यांतले लोक, मागे उभे असलेले गावकरी, दारापाशी चाकाच्या खुर्चीत श्रीरंग, काठी मांडीवर. अध्यक्ष होते बंगल्यांच्या मंडळाचे प्रमुख, निवृत्त सनदी अधिकारी चौबळ. शेजारी कंपनीतर्फे जयवंत.

वसुधाने सुरुवात शांतपणे केली. चौबळांनी ऐकून घेतलं.

"झालं ते वाईटच झालं," ते म्हणाले. "चराभोवती आपण छान कठडा बसवू. पण बाई, शांततेसाठीच आलो ना आपण सगळे? तुम्हीही त्यासाठीच आलात."

"मी ऐकू यावं म्हणून आले!" वसुधाचा आवाज चढला. "शांतता म्हणजे ऐकू येणं! तुम्ही लोकांचे आवाज मारून त्यावर गाद्या टाकून झोपताय. माझा नवरा खड्ड्याकडं चालला होता आणि ती बाई जिवाच्या आकांतानं ओरडत होती, आणि तुम्ही..."

"जरा शांतपणे सांगा," पुढच्या रांगेतली एक बाई गोड आवाजात म्हणाली. "आम्ही ऐकतोय ना."

"शांतपणेच सांगत होते! त्याचं काय झालं?"

पुढच्या रांगांत मनगटं वर आली. अंगठे हलले. वसुधा बोलत होती, संतापाने लाल होऊन बोलत होती, आणि मधल्याच एका शब्दावर तिचा आवाज संपला. ओठ हलत राहिले. चौबळांनी समंजसपणे मान डोलावली, जणू काही मुद्दा पोचला होता.

"वसू?" श्रीरंगने अंधारात हात पुढे केला. "का थांबलीस?"

ती त्याच्यापाशी गेली आणि ओरडतच तिने त्याचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवला. गळा थरथरत होता. श्रीरंगने उभा जन्म जमिनीची थरथर मोजण्यात घालवला होता. त्याला लगेच कळलं, आवाज पुसला तरी थरथर उरते.

त्याने मांडीवरची काठी उचलली आणि सर्व ताकदीनिशी जमिनीवर हाणली.

टकटक ऐकू आली नाही. पण चौबळांच्या पेल्यातलं पाणी हललं. श्रीरंगने पुन्हा काठी हाणली, पुन्हा. फळ्यांतून ते हादरे पुढच्या रांगेतल्या तळव्यांपर्यंत आले. माणसं पाय उचलून खाली बघू लागली.

सुमनबाईंनी चपला काढल्या. पदर खोचला आणि दोन्ही पायांनी जमीन तुडवायला लागल्या. मग गिरणीवाला, मग तांबट आळी, मग मागची सगळी माणसं. आधी ज्याने त्याने आपापल्या रागाने, मग एका ठेक्यात. धडधडीचा आवाज उठताच पुढच्या रांगांतल्या अंगठ्यांनी तो पुसून टाकला. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली आणि त्या शांततेत खुर्च्या नाचू लागल्या. भिंतीवरची तसबीर तिरकी झाली. पुढच्या रांगेतल्या गोड बाईंनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, कारण थरथर त्यांच्या दातांपर्यंत पोचली होती.

चौबळांनी पुन्हा 'नको' दाबलं. मग सगळ्यांनीच दाबलं. अंगठे दुखेपर्यंत दाबत राहिले.

जयवंतचा हात टेबलावर होता. टेबल थरथरत होतं. तळघरातला तो मिक्सर त्याला आठवला असावा, कारण त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठून दारापाशी, वसुधाच्या कानाशी आला.

"वसुधा, प्लीज," तो हळूच म्हणाला. "हे थांबव. बंद कर हे."

वसुधाने ओरडणं थांबवलं. कपाळावरचा घाम पुसला. सभेत चालणाऱ्या साध्या, सभ्य आवाजात ती बोलली आणि तो आवाज सगळ्यांना नीट ऐकू आला.

"हे बंद होत नाही."