परत न आलेला फिल्टर

जळगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत एक अलिखित नियम आहे. जुना भाग घेऊन यायचा, काउंटरवर ठेवायचा आणि "असाच द्या" म्हणायचं. दिपमाला त्या दिवशी हात हलवत आत शिरली. तिचं नेहमीचं दुकान मालकाच्या घरी लग्न म्हणून बंद होतं, आणि धुळ्याहून एसटीनं आलेली ती तशीच परत जाणार नव्हती. म्हणून शेजारच्या दुकानाची पायरी चढली, एवढंच.

"एअर फिल्टर पाहिजे."

"नमुना?" काउंटरमागच्या तरुणानं मान वर न करता विचारलं.

"नाही. गाडीला आजवर फिल्टर बसलेलाच नाही. मीच बांधतेय ती."

तेव्हा त्यानं मान वर केली... आणि खाली घालायला जरा जास्तच वेळ घेतला.

त्याचं नाव रोनक. दुकान त्याच्या वडिलांचं, मिश्रीलालशेठचं. दिपमालानं सांगायला सुरुवात केली आणि तो बाकीची गिऱ्हाइकं विसरला. गाडी दोन माणसांची, वजन जेमतेम साडेपाचशे किलो. इंजिन तेराशे सीसीचं, चार सिलिंडरना हवा घेणारी चार वेगळी तोंडं. केळीचे व्यापारी चुडामण पाटील यांना शर्यतीची हौस, म्हणून धुळ्याच्या सुकदेवभाऊंच्या गॅरेजात ही गाडी आकाराला येत होती. सगळं काम दिपमालाच्या हातचं. ती रावेरच्या ट्रॅक्टर मेकॅनिकची मुलगी. पान्हे हाताळतच मोठी झालेली.

तिनं कॅटलॉगमधल्या एका बारीक, देखण्या फिल्टरवर बोट ठेवलं. रोनकनं मान हलवली. दिसायला चांगला आहे, म्हणाला, पण हवेच्या तोंडाला इतका चिकटून बसेल की इंजिनाला श्वास मिळणार नाही. मग त्यानं स्वतःच्या तोंडासमोर तळहात धरला आणि मोठ्यानं श्वास घेऊन दाखवला. दिपमालाला हसू आलं. दुकानदार माणूस, भर गिऱ्हाइकात असा धापा टाकतोय...

"मग जाड घेते."

"जाड घेतलात तर बॉनेट लागणार नाही. मधे नेमकी किती जागा आहे ते मोजायला हवं."

"मोजा मग. धुळं काही परदेशात नाही."

ती सहज बोलून गेली. तो शुक्रवारी खरंच हजर झाला.

बंद बॉनेटच्या आत मोजपट्टी कशी घालणार? रोनकनं शेजारच्या बेबाबाईंच्या खानावळीतून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं मळलेलं पीठ आणलं. दिपमालानं त्याचे चार उंच गोळे हवेच्या तोंडांवर बसवले, वर प्लॅस्टिकचा कागद टाकला आणि दोघांनी मिळून बॉनेट अलगद दाबून बंद केलं. उघडलं तेव्हा गोळे चेपले होते. सगळ्यात चपटा अडुसष्ट मिलिमीटर भरला.

"पासष्टचा फोमचा फिल्टर," रोनक म्हणाला. "बरोबर बसेल. आतून तोंडांना मोकळी हवा, वरून बॉनेटला धक्का नाही. आणि आपल्याकडची धूळ फोमच अडवेल. फक्त तेल लावायला विसरू नका."

तेलाचं मला शिकवताय का, असं दिपमालानं नुसत्या नजरेनं विचारलं. तोही नजरेनंच ओशाळला.

बेबाबाईंकडे जेवताना त्यानं आपली अडचण सांगितली. मिश्रीलालशेठना असला माल पसंत नव्हता. ट्रकचे आणि टॅक्सीचे भाग विकून घर चाललं, हे शर्यतीचे चाळे कशाला? शेवटी बापलेकांत ठरलं, की एकच ऑर्डर करून बघायची. ती निभावली तर दुकानात नवा विभाग. आणि माल परत आला, तर रोनकनं मुकाट्यानं सुरतेला काकांच्या कपड्याच्या दुकानात जायचं, कायमचं.

"म्हणजे तुमचं नशीब माझ्या गाडीवर," दिपमाला म्हणाली.

"तुमच्या गाडीवर... हो, असंच म्हणू या."

ते वाक्य तिनं पुढे आठवडाभर डोक्यात फिरवलं. खोटं कशाला बोला, तिला तो आवडला होता.

फिल्टर आला. रोनक स्वतः घेऊन आला. दोन दिवसांनी क्लिपा द्यायच्या राहिल्या म्हणून पुन्हा आला. क्लिपा खिशात मावणाऱ्या, पण माणूस तीन तास थांबला. दिपमालानं त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून एकेक वायर समजावली. त्याला फारसं काही कळलं नाही, हेही तिला कळलं. तरी ती समजावतच राहिली.

शनिवारी तिनं फिल्टर तेल लावून बसवला आणि गाडी बाहेर काढली. सुरुवातीला ठीक. वेग वाढला तशी गाडी गुदमरली, मागून काळा धूर. फिल्टर काढून पाहिलं तर गाडी वाऱ्यासारखी. पुन्हा बसवला, पुन्हा तेच.

म्हणजे फिल्टरच चुकला होता. दिपमाला गाडीला टेकून उभी राहिली. चुडामण पाटील उद्या गाडी न्यायला येणार. परत पाठवून दुसरा मागवणं हाच शहाणपणा... पण हा परत गेला की रोनक सुरतेला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. गाडी कशी पळतेय, त्यानं विचारलं.

"मस्त," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी गॅरेजसमोर रिक्षा थांबली. रोनक उतरला, बगलेत एक खोकं.

"वेगळ्या फोमचा आणलाय," तो म्हणाला. "तुम्ही इंजिनाबद्दल बोलायला लागलात की अर्धा तास थांबत नाही. काल एका शब्दात आटोपलंत. तेव्हाच समजलो. सकाळी पप्पांना सांगून टाकलं, माल चुकला, मी सुरतेला जातो. पण तुमची गाडी आज नीट गेली पाहिजे."

"कोणी सांगितलं होतं सांगायला?" दिपमाला कडाडली. मग आवाज खाली आला. "मी परत करणारच नव्हते. गाडी नापास झाली असती तरी चाललं असतं मला. पण तुम्ही... तुम्ही इथंच राहायला हवे होतात."

सुकदेवभाऊ हे सगळं ऐकत होते. त्यांनी इंजिनावरचा फिल्टर काढून हातात घेतला, तसे तेलाचे थेंब त्यांच्या चपलेवर टपटपले.

"इतलं तेल? हाई काय ट्रॅक्टर शे का पोरी?"

ट्रॅक्टरच्या फिल्टरखाली तेलाची वाटी असते आणि ती खुणेपर्यंत भरायची असते. वडिलांच्या हाताखाली दिपमालानं हे लहानपणापासून केलेलं. फोमला मात्र तेलाचा नुसता हात पुरतो. तिनं बाटलीभर जिरवलं होतं. किती लावायचं हे रोनकनं सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं.

"पिळू नका, फाटेल. दाबायचं," म्हणत रोनकनं बाह्या सरसावल्या आणि फिल्टर जुन्या धोतरात गुंडाळून दाबू लागला. कोपरापर्यंत तेल ओघळलं. दिपमाला शेजारी बसून धोतराची कोरडी घडी पुढे करत राहिली. बोटांना बोटं लागली, तेव्हा कोणी हात मागे घेतला नाही.

तोच फिल्टर पुन्हा बसवून गाडी निघाली. या वेळी सगळा वेग घेऊनही गुदमरली नाही, की धुराची रेघ नाही. नंतर आलेल्या चुडामण पाटलांनी एक फेरी मारली, आणखी एक मारली आणि उतरायलाच तयार होईनात.

तेवढ्यात रोनकच्या खिशातला फोन वाजला. हात तेलानं माखलेले, म्हणून दिपमालानं तो काढून त्याच्या कानाजवळ धरला. इतक्या जवळ, की मिश्रीलालशेठचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता.

"पप्पा, माल चांगला आहे. परत येणार नाही," रोनक म्हणाला.

"बरं झालं. पण मला एक सांग. एका फिल्टरासाठी चार वेळा धुळ्याला? फिल्टर तर कुरिअरनंही जातो."

रोनक कानापर्यंत लाल झाला. पलीकडून पुढचा प्रश्न आला. "त्या गाडीवाल्या मुलीला लग्नाचं विचारलंस का?"

रोनकनं दिपमालाकडे पाहिलं. तेव्हा तिनं फोन स्वतःच्या तोंडाजवळ नेला.

"नाही विचारलं, काका. पण माझं हो आहे."

मिश्रीलालशेठ सावकाश म्हणाले, "बेटा, तो लाजरा आहे. तरी त्याच्या तोंडून वदवून घे. तसाच सोडू नकोस."

तिनं फोन खाली ठेवला आणि वाट पाहत उभी राहिली. आणि रोनकनं विचारलं — अडखळत, तेलकट हातांनी, सुकदेवभाऊंच्या देखत.