पाटीवरचा नवरदेव

सुपारीच्या नवरीला मण्याची नथ चिकटवत होती संस्कृती, तेवढ्यात दारातून आवाज आला, “अहो... ही तुमची सुपारी फोटोत बटाट्यासारखी दिसती.”

तिनं मान वर केली. खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, उन्हानं रापलेला चेहरा, हातातल्या मोबाईलवर तिच्याच दुकानाचं इन्स्टाग्राम.

“मग बटाटा म्हणूनच न्या. न्यायचा असेल तर.”

“न्यायलाच आलोय. मी वाल्मिक. जया म्हनून बहीन हाय माझी, तिचं लगीन हाय पाडव्याच्या आत. रुखवत पायजे. वरात, वाजंत्री, समदं सुपारीचं.”

जामखेडातली झाडून सगळी पोरं तिला ताई म्हणत. हा ‘अहो’ म्हणाला. तिनं उगाचच ओढणी सारखी केली आणि मग स्वतःवरच चिडली.

रुखवत नवरीनं आपल्या हातानं करायचं असतं म्हणतात. हल्ली सगळे विकत आणतात आणि मांडवात “आमच्या पोरीनं केलंय” म्हणून ठोकून देतात. त्या थापेवर संस्कृतीचं दुकान उभं होतं. उभं कसलं, लंगडत होतं. इन्स्टावर दीडशे माणसं, त्यातली निम्मी मावसभावंडं. बापूंनी, म्हणजे वडिलांनी, पाडव्यापर्यंत मुदत दिली होती. दुकान चाललं तर चाललं, नाहीतर कुलूप लावायचं आणि कर्जतच्या स्थळाला होकार द्यायचा. अकरा एकर बागायत, पतसंस्थेत नोकरी. पोरगा कसा आहे हे घरात कुणी बोललं नव्हतं. एकर मात्र दोनदा सांगून झाले होते. आपल्याकडं पोरगी जमिनीलाच देतात, नवरा सोबत येतो एवढंच!

वाल्मिक लग्नांचे फोटो काढायचा. ठरलं असं की तिनं जयाचं रुखवत करायचं, त्यानं तिच्या दुकानाचे फोटो. तो दोन दिवसांआड यायला लागला. दाराला पांढरी चादर बांधायचा. “ऊन गाळून घ्यावं लागतंय, चहावानी.” सुपारीची नवरी जराशी वळवताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं... दोघांनीही हात मागं घेतला आणि नवरी बिचारी तोंडावर आपटली.

“हसा की जरा.”

“फोटो सुपारीचा आहे ना?”

“तुमी आठी घातली की हातबी ताठ होतोय. फोटोत कळतं.”

ती हसली. आणि हा मेला फोटो काढायचाच विसरला!

गिऱ्हाईकं विचारायची, वरवधूची नावं टाकून पाटी मिळेल का? नमुना दाखवायला हवा होता. पण नावं टाकायची कुणाची? गावातल्या कुठल्याही पोरीचं टाकलं तर उद्या तिचा बाप दारात उभा.

“माझंच टाकते,” संस्कृती म्हणाली. “पण नवरदेव?”

वाल्मिक कॅमेऱ्याची काच पुसत होता. पुसतच राहिला.

“माझं टाका. हाय का न्हाई सोपं?”

चेष्टा की काय? त्याच्या चेहऱ्यावर काही वाचता येईना. तिनं पाटी रंगवली, ‘वाल्मिक आणि संस्कृती’. पुढं सुपारीची जोडी. त्यानं रील केलं. दिसत होते ते फक्त तिचे हात.

आता ह्या भागात दोन नावं आणि पुढं सुपारी म्हणजे लग्न ठरलं, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या दोघांना तेवढं सुचलं नाही. दोन दिवसांत साठ हजार लोकांनी ते पाहिलं. खाली अभिनंदनाचा पाऊस. कोपरगावहून रतनआत्याचा फोन आला, “का गं भवाने, सुपारी फुटली आन आत्याला सांगावा न्हाई?”

कर्जतकरांनी नकार कळवला. आई कपाळाला हात लावून बसली, “अकरा एकर घालवले गं बाई...” आणि त्याच आठवड्यात तेवीस रुखवतांची मागणी आली. सगळ्यांना तसलीच पाटी हवी होती.

बापू शांतपणे म्हणाले, “उद्या दिवस मावळायच्या आत ते काढ. नाहीतर कुलूप मी लावतो.”

जे रील दुकान तारत होतं, तेच बुडवायला निघालं होतं. तिनं वाल्मिकला फोन केला.

“काढून टाका की मंग,” तो म्हणाला. “दुसरं करू. नाव कुनाचंबी टाका.”

कुणाचंही? तिला रडू फुटलं. कशाचं, ते मात्र कळेना. अभिनंदन वाचलं की लाज वाटायची आणि पुन्हा पुन्हा वाचावंसंही वाटायचं. डोकं ठिकाणावर होतं का तिचं?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो जयाचं रुखवत न्यायला आला. खोकं उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

“काढलं का?”

“नाही. आधी सांगा, माझं नाव टाका असं का म्हणालात?”

तो पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला.

“आई ऊसतोडीला गेलीय, कोपरगावकडं. मुकादमाच्या मोबाईलवर तिनं बघितलं. लगेच फोन. म्हनली, सून लई गुनाची हाय रं, हातावरनं कळतंय.”

“मग?”

“मी म्हनलं, खोटं हाय ते. फोटोपुरतं. मंग म्हनली... खोटं हाय तर तू रडतोस कशापायी?”

“रडत होतात?”

“न्हाई...” त्यानं पट्टा आणखी आवळला. “व्हय. जरासं.”

“मग काल ‘कुणाचंही टाका’ कोण म्हणालं?”

“अकरा एकर गेले म्हनून तुमची आई रडती, असं जया बाजारातनं ऐकून आली. आमचं दीड एकर, त्यातबी खडक. काय तोंडानं म्हनू, ठेवा म्हनून? पर खरं सांगतो... तिथं दुसऱ्या कुनाचं नाव असतं, तर माझ्या हातनं तो फोटो निघाला नसता.”

“मी एकर विचारले तुम्हाला?” ती एवढ्या जोरात बोलली की शेजारचा शिंपी डोकावून गेला. “सगळ्यांनी विचारले, मी विचारले का?”

वाल्मिकनं बोटाचा पट्टा सोडवला.

तिनं मोबाईलवर ते रील उघडून पाहिलं. मग मोबाईल उपडा ठेवला.

“काढणार नाही मी. खोटं असतं तर काढलं असतं. आज बापूंना काय सांगायचं ते मी सांगते. दुकानाची चावी माझ्याकडंच ठेवते.”

“आन मी?”

“उद्या सकाळी सातला घरी या. बापू गोठ्यात असतात. धार काढताना ते कुणावर ओरडत नाहीत. म्हैस बिथरते.”

“काय बोलू पर?”

“मला काय विचारता? माझंच मला काही कळेनासं झालंय.” ती हसत होती, आणि डोळे पुसतही होती. “आणि कॅमेरा आणू नका. हात मोकळे असू द्या... बादली धरायला लावतील.”