चित्रातली वरात

सत्याऐंशी साली मी धुळ्याच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसायचे. एका शनिवारी दुपारी सोनगीरच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, शालिग्राम सर, एक भलंमोठं पुस्तक उघडं धरून माझ्यासमोर उभे राहिले. परीक्षेसाठी त्यांना एका जुन्या इटालियन चित्राबद्दल लिहायचं होतं आणि माहितीचं नेमकं तेच पान कुणीतरी फाडून नेलं होतं. जणू मीच फाडलं, अशा नजरेनं ते बघत होते.

"आता यात काय चाललंय, हे कोण सांगणार, कुंदाबाई?"

मी वाकून पाहिलं आणि तोंडातून अहिराणीच निघून गेली, "हाई ते वरात शे."

ते हसले. मला राग आला. मग मी बोटानं दाखवूनच दिलं – या झांजा, ही नाचणारी मंडळी आणि मागे गाढवावर पिऊन झोपलेला जाड्या. असा एक मामा प्रत्येक वरातीत असतोच. नवरदेवाला तर धीरच नाही, त्यानं रथातून थेट उडी घेतलीय.

"मग नवरी पाठमोरी का?"

निळ्या वस्त्रातल्या त्या बाईचा हात समुद्राकडे होता आणि तिथे, अगदी लांब, नखाएवढं एक जहाज...

"तिचा माणूस त्यातून गेलाय," मी म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

न कळायला काय झालं? माझी सुपारी फुटून दोन वर्षं झाली होती. मुलगा नोकरीसाठी सुरतेला गेला, मग ना पत्र ना निरोप. सुपारीची साडी आमच्या पेटीत तशीच पडून होती. ती परत धाडली की सोयरीक मोडली, असा आमच्याकडचा रिवाज. पण माझे वडील, नाना, म्हणायचे, अजून वाट बघू. हे सगळं मी त्या परक्या माणसाला सांगून बसले.

पुढच्या शनिवारी सर जळगावला आपल्या जुन्या गुरुजींना विचारून आले. त्या मुलीनं म्हणे एका राजपुत्राला भुलभुलैयातून सुटायला सुताची गुंडी दिली आणि सुटल्यावर तो तिला बेटावर झोपलेली टाकून निघून गेला. उडी मारणारा तो देव तिला मागणी घालायला आलाय. म्हणजे जहाजही खरं आणि वरातही खरी.

"पण तिचा हात अजून जहाजाकडेच आहे," मी म्हणाले.

"मान वळलीय..." सरांचे कान लाल झाले होते. "चित्रकारानं त्या बिचाऱ्याला साडेचारशे वर्षं हवेत ठेवलंय. मला तितकं जमायचं नाही – कुंदा."

मला ते आवडले होते. पहिल्या शनिवारपासूनच, खोटं कशाला बोलू?

सोमवारी सकाळी मी पेटीतली साडी काढून नानांपुढे ठेवली. परत धाडा, म्हटलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळली.

शनिवारी सर आले. मी रजिस्टरमधून मान वर केली नाही.

"साडी गेली परत. नानांना भेटायला या... फक्त वरातीत गाढवावरचा तो मामा नको."

एरवी पुस्तकी बोलणारे सर चांगलेच अडकले.

"तो ते मना सख्खा मामा शे."

"बरं, येऊ द्या मग," मी म्हटलं आणि आता मात्र मान वर केली. "तुम्ही तेवढी उडी जपून मारा."