शनिवारचा ग्लास

भिंगरीच्या रक्तात जे सापडलं, ते तिथे असायला नको होतं.

वॉर्डातल्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा औषध निरीक्षक बाई जेवायला बसत होत्या. डबा तसाच झाकून त्या निघाल्या. नऊ वर्षांची मुलगी, शनिवारी दुपारी छाती धडधडून कोसळलेली. रक्तात लक्ष टिकवण्याच्या गोळ्यांचं औषध होतं, तेही धोक्याच्या पातळीपर्यंत. आणि आई सांगत होती, की त्या गोळ्या कधीच बंद केल्या आहेत.

वॉर्डाबाहेर भिंगरीची आई आणि आत्या उभ्या होत्या. आत्याने आईकडे बोट दाखवलं.

"हिनेच दिल्या गोळ्या. वर आमच्यापुढे गोळ्यांऐवजी आणलेल्या त्या आहार केंद्राच्या पावडरीचं कौतुक! पोर उठली की मी माझ्या घरी नेणार. तिचा बाप, माझा भाऊसुद्धा हो म्हणालाय."

आईने पिशवीतून पावडरचा डबा काढून बाईंच्या हातात ठेवला.

"तपासा. याशिवाय मी तिला काहीही दिलेलं नाही."

प्रयोगशाळेत डबा निर्दोष ठरला. दुधाची भुकटी, साखर, थोडी जीवनसत्त्वं. अपाय नाही आणि उपायही नाही. बाईंनी आईला पुन्हा समोर बसवलं.

"पावडरीने फरक पडला?"

"पहिल्याच शनिवारी! आहार केंद्र चालवणाऱ्या आहारताई तिथे दर शनिवारी स्वतःच्या हाताने पावडरीचा ग्लास देतात. तासाभराने मणी ओवायला बसवतात. ताटावर धड न बसणारी माझी मुलगी मान खाली घालून ओवत बसली. मला रडू फुटलं हो."

"आणि घरी?"

"घरी तसं नाही. आहारताई म्हणाल्या, तुमची श्रद्धा कमी पडते."

"शनिवारी जेवते नीट?"

"घाससुद्धा नाही. रात्री टक्क जागी. आम्हाला वाटायचं, बाहेर जाऊन आल्यामुळे."

"उरलेल्या गोळ्यांचं काय केलंत?"

"केंद्रातच टाकल्या. दारात काचेची मोठी बरणी आहे. नव्या पालकांनी सगळ्यांसमोर आपली पाकिटं तीत टाकायची. मग सगळे टाळ्या वाजवतात."

बाईंनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

आहार केंद्र लख्ख होतं. भिंतीवर फळांची चित्रं, दारात ती बरणी. अर्धीच भरलेली.

"ही रिकामी कोण करतं?" बाईंनी विचारलं.

"मीच. कचऱ्यात फेकते," आहारताई हसून म्हणाल्या. "विष घरात कोण ठेवील?"

आतल्या खोलीत मिक्सरचं सगळ्यात लहान भांडं उपडं वाळत होतं.

"तुमची पावडर चमच्याने ढवळली तरी विरघळते. मग मिक्सर कशाला?"

"बदाम वाटायला."

बाईंनी भांडं नाकाशी नेलं, मग पातं फिरवून काढलं. रबरी रिंगेखाली पांढरा चुरा अडकला होता.

"औषधाशिवाय सुधारलेलं पोर बघवत नाही तुम्हाला," आहारताई फणकारल्या. "म्हणून हा राग."

"राग आहेच. त्याचं कारण मात्र चुऱ्याची तपासणी सांगेल."

तपासणीचा निकाल हाती आला, तेव्हा बाई पोलिसांना घेऊनच केंद्रात गेल्या. आईला आणि आत्यालाही त्यांनी तिथेच बोलावलं.

"डब्यात औषध नव्हतं, म्हणून घरी परिणाम दिसला नाही," त्या म्हणाल्या. "भूक आणि झोप उडणं, हे त्या गोळ्यांचे नेहमीचे त्रास. ते फक्त शनिवारी होत होते. म्हणजे औषध शनिवारच्या ग्लासात होतं. विकत आणायचीही गरज नव्हती. पालक आपणहून आणून देत होते, टाळ्यांच्या गजरात."

"मग इतके शनिवार पोरीला काही कसं झालं नाही?" आत्याने विचारलं.

"तोवर साध्या गोळ्या होत्या. त्या संपल्यावर यांनी बरणीतून दुसऱ्या काढल्या, दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या, जास्त ताकदीच्या. त्या अख्ख्या गिळायच्या असतात. त्यांचं खास आवरण या चुऱ्यात सापडलंय. यांनी त्या दळल्या. दिवसभराचं औषध पोरीच्या अंगात एकदम उतरलं."

"मुलं शांत बसत होती ना?" आहारताईंचा आवाज चढला. "आईबाप खूश होते! कुणाची तक्रार होती?"

"मुलांना विचारलंत? एकाची तरी नाडी बघितलीत? पाकिटावरची सूचना वाचायचेही कष्ट घेतले नाहीत तुम्ही!" बाईंचा हात टेबलावर आपटला. "चोरून तेच औषध पाजायचं आणि श्रेय भुकटीला द्यायचं!"

पोलिसांनी आहारताईंना उठवलं. आई त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"माझी श्रद्धा कमी पडते म्हणालात. मी रोज स्वतःला बोल लावत होते. आणि तुम्ही माझ्याच गोळ्या माझ्या पोरीला पाजत होतात!" पोलीस त्यांना बाहेर घेऊन गेले.

"आता तिला काय द्यायचं?" आईने बाईंना विचारलं.

"सकाळी पोटभर नाश्ता. रक्तात लोह कमी निघालं तर डॉक्टर तेही देतील. चांगल्या खाण्याने तिचं भलंच होईल, पण ते गोळीची जागा घेईलच असं नाही. गोळी कधी आणि किती, ते डॉक्टरच ठरवतील."

आत्याने खुर्चीवरची पर्स उचलली. "चल वहिनी. झालं ते झालं. भिंगरी शुद्धीवर आलीय, वाट बघत असेल."

"असं नाही, वन्सं," आई जागची हलली नाही. "आधी तुमच्या भावाला फोन लावा. इथेच, माझ्यासमोर. आणि पोर कुणाच्या घरी राहणार, ते त्यांना तुमच्या तोंडाने सांगा."

आत्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी नजर काढून घेतली नाही.

आत्याने फोन लावला.