परतीची तारीख

पहिल्या दिवशी तो वाचनालयात शिरला, तेव्हा टेबलामागच्या ग्रंथपाल मुलीने मान वर न करताच त्याच्याकडे कार्ड मागितलं. कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडे कसलं आलंय कार्ड? त्याने खिशातला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला. "यावर परतीच्या तारखेचा शिक्का कुठे मारू?"

झालं. गडी तिथेच गारद.

काम साधं होतं. वाचकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टम टाकायची. त्याआधी ती पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची, तिच्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. त्याला लागायची वीस मिनिटं... खिडकीतून कलत आलेलं दुपारचं ऊन, पुस्तकांना कव्हरं घालणारी तिची बोटं, आणि स्क्रीनवर मुंगीच्या पावलांनी सरकणारी निळी पट्टी. ती पट्टी कधी संपूच नये, असं त्याला वाटायचं.

खरं तर असा पेनड्राइव्ह एकदा तयार झाला की हव्या तितक्या कॉम्प्युटरना चालतो. सगळं काम दोन दिवसांत हातावेगळं झालं असतं. पण हा लबाड रोज एकच कॉम्प्युटर घ्यायचा, आणि रोज पेनड्राइव्ह पुसून नव्याने करायचा. कालचा जरा बिघडला, असं तोंड पाडून सांगायचा. "अरेरे, किती हो व्याप तुमच्यामागे," ती म्हणायची.

असे पाच झाले. कोपऱ्यात अजून एक आहे, असं कालच तिने सांगितलं होतं. म्हणजे आज शेवटचा. उद्या इथे यायला काही निमित्त उरणार नव्हतं, आणि मनातलं अजून मनातच होतं. त्याने पेनड्राइव्ह लावला. नेहमीची सूचना आली – यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल?

"नको पुसूस," ती हळूच म्हणाली.

पाच दिवस ती त्याला अहो-जाहो करत होती. त्याचं बोट माउसवर तसंच राहिलं.

"कालचा चांगलाच आहे. परवाचाही होता." ती कव्हरची घडी नखाने दाबत राहिली. "दुसऱ्याच दिवशी मी या पेनड्राइव्हबद्दल वाचून काढलं सगळं."

त्याचे कान तापले. "मग... बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर तू गेला असतास."

आता मात्र त्याला राहवेना. "मला तुम्ही – तू... फार आवडतेस," तो एका दमात म्हणाला, आणि पळ काढावा तसा पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्याकडे वळला.

"तो कॉम्प्युटर राहू दे. वाचनालयाचे पाचच आहेत," ती म्हणाली. "हा माझ्या घरचा. काल दादाच्या हातापाया पडून स्कूटरवरून आणवला. त्याला काहीही झालेलं नाही."

तो बघतच राहिला. तिने शिक्क्यावरची तारीख फिरवली, त्याचा हात ओढून घेतला आणि तळहातावर हलकेच शिक्का उमटवला.

त्याने वाचलं. उद्याची तारीख होती.